लेख विकला म्हणजे हक्क गेले, असं नाही

ऑनलाइन बाजारात लेख विकला की त्यावरचा आपला हक्क कायमचा संपतो, हा समज नवे लेखक एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तो सरसकट खरा नाही. बर्न या कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखनाचा कॉपीराइट नोंदणीशिवायच लेखकाकडे येतो. पुढे आपण काय विकतो, हे परवान्यावर ठरतं, आणि नेमका तोच बहुतेक जण वाचत नाहीत.

फक्त वापराचा परवाना दिला, तर तोच लेख दुसऱ्या-तिसऱ्या ग्राहकालाही विकता येतो. मालकी तुमचीच राहते. परवाना एकमेव वापराचा असेल तर ग्राहक एकच. पूर्ण हक्क दिले, तर मात्र पुनर्विक्री बंद. बहुतेकदा ग्राहक मजकूर बदलू शकतो, स्वतःच्या नावानेही छापू शकतो. म्हणून पूर्ण हक्कांची किंमत वापराच्या परवान्याहून बरीच जास्तच लावायला हवी. माझ्या मते इथेच लेखक स्वतःचं सर्वाधिक नुकसान करून घेतात.

वापराचा परवाना आधी विकला असेल, तर तोच लेख नंतर ‘एकमेव’ म्हणून विकता येत नाही. काही संकेतस्थळं फक्त पूर्ण हक्कच विकत घेतात. खातं उघडण्याआधी अटींमध्ये हे तपासा.