सातारा-सांगलीत शस्त्र परवाना : अर्ज कुठे करायचा, कागद कोणते, आणि गाडी अडते कुठे

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे इथे बंदुकीचा परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हादंडाधिकारी या नात्याने त्यांना आहे. पोलीस फक्त अहवाल देतात. हे माहीत नसल्याने लोक आधी ठाण्यात ओळख शोधतात, मग पुढाऱ्याचं पत्र मिळवतात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत सगळ्यात शेवटी पोचतात. तिथे पहिला प्रश्न येतो : परवाना कशासाठी हवा?

कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६. आधीचा १८७८ चा कायदा व्हाइसरॉय लिटनने आणलेला, हिंदी माणसाच्या हातात हत्यार नको म्हणून. स्वातंत्र्यानंतर तो गेला, पण परवान्याची अट राहिली. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेतच आहे, त्यामुळे तिथला वाद त्या हक्काला किती वेसण घालायची यावर चालतो. आपल्याकडे मुळात हक्कच नाही, सरकार परवानगी देतं. तिथल्या चर्चा मोबाइलवर बघून ‘स्वसंरक्षण हा माझा हक्क आहे’ एवढंच अर्जात लिहिलं तर ते वाक्य कोणी वाचणारही नाही.

पात्रता थोडक्यात. वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतलेला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. मानसिक प्रकृती ठीक हवी. आणि एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही : पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर अर्ज नाकारता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. उलट बागायत कितीही असो, तेवढ्यावर परवाना मिळत नाही.

आता कारणाचं. कायदा लांब नळीच्या साध्या बंदुकीकडे जरा सैलपणे पाहतो. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची बंदूक, किंवा पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागितली, आणि अर्जदारात खोट नसेल, तर ती सहसा नाकारू नये असा कलमाचा रोख आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. ‘जिवाला धोका आहे’ हे तीन शब्द म्हणजे कारण झालं नाही. धोका कोणापासून, कधीपासून, त्याची तक्रार कुठे दिली? फिर्यादीची प्रत, अदखलपात्र नोंदीचा क्रमांक, आलेली पत्रं, न्यायालयात चालू असलेला दावा, असं काहीतरी जोडावं लागतं. सोन्याचांदीचा व्यापार, रोकड नेण्याचं काम, सुरक्षारक्षकाची नोकरी ही कारणं कागदावर दाखवता येतात. साताऱ्यात निवृत्त जवानांची गावंच्या गावं आहेत. बँकेत बंदूकधारी रक्षकाची नोकरी मिळणार असेल तर नेमणुकीचं पत्र जोडावं, नुसतं माजी सैनिकाचं ओळखपत्र पुरत नाही. विटा-खानापूरकडची गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायातली मंडळी बाहेरच्या राज्यात दुकानं चालवतात. त्यांनी मूळ गावच्या पत्त्यावर अर्ज करण्याआधी विचार करावा, कारण प्रत्यक्ष राहणं आणि धंदा कुठे आहे हे तपासणीत निघतंच.

बिबट्यासाठी बंदूक मागायला येणारेही कमी नाहीत. कराड, वाळवा, शिराळा इथल्या उसात बिबट्या राहतो, पाटण-शिराळ्याच्या डोंगरकडेला गवे आणि रानडुकरं पीक लोळवतात, हे काही खोटं नाही. पीक संरक्षणाचा परवाना कायद्यात आहेच. सातबारा, आठ-अ आणि नुकसानीचे पंचनामे जोडून तो मागता येतो. पण तो परवाना शिकारीचा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वेगळा लागतो आणि जनावर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर कायदा समजून घेतो. बांधावर दबा धरून बसलेल्याला तो सोडत नाही.

या वन्यजीव कायद्याचं कलम ३४ बहुतेक अर्जदारांना ठाऊक नसतं. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते, आणि तिथे आधीपासून परवाना असणाऱ्यानेही वनखात्याकडे नोंद करायची असते. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. म्हणजे कोयना अभयारण्याभोवतीची जावळी-पाटणची गावं, चांदोलीच्या बाजूचं शिराळा, सागरेश्वरच्या आसपासचं कडेगाव-पलूस हे सगळे भाग बघावे लागतात. तिथला अर्ज वनखात्याकडून फिरून येतो आणि वेळ खातो. गाव त्या हद्दीत पडतं का, हे अर्ज भरण्याआधीच वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावं.

अर्ज ‘एनडीएएल-एएलआयएस’ या केंद्राच्या पोर्टलवर भरायचा, व्यक्तीसाठी नमुना ए-१. त्याची छापील प्रत सही करून गृह शाखेत द्यायची. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, आधार, जन्मतारखेचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला चालतो), राहण्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि एस-३ नमुन्यातला वैद्यकीय दाखला. त्या दाखल्यात शरीराबरोबर मनाची प्रकृती आणि व्यसनही येतं. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही घेण्याचा मोह होतो, पण पुढे काही घडलं तर पहिला तोच कागद बाहेर निघतो. व्यापाऱ्यांकडे आयकर विवरणपत्रंही मागतात. नावात ‘पाटील’ एकीकडे आणि ‘पाटिल’ दुसरीकडे असेल तर आधीच दुरुस्त करा, नाहीतर पोर्टलवर अर्ज तिथेच लटकतो.

मग तपास. नियमानुसार ठाण्याने ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो आल्यावर ६० दिवसांत जिल्हादंडाधिकाऱ्यांनी निर्णय घ्यायचा. व्यवहारात अहवाल ठाण्यातून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, तिथून अधीक्षक कार्यालयात जातो आणि मुदत बाजूलाच राहते. बीटचे हवालदार घरी येतात, कपाट कुठे, कुलूप कसलं हे बघतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेतात. भावकीत बांधावरून वाद आहे का, हा प्रश्न ठरलेला. असेल तर सरळ सांगा. चुलतभावाने विरोधात जबाब दिला आणि तुम्ही वाद लपवला असेल, तर खोटी माहिती दिल्याचं बालंट येतं. वादाची नोंद आधीच अर्जात असेल तर तो निदान एक मुद्दा म्हणून वाचला जातो.

परवाना पाच वर्षांसाठी मिळतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची आणि नोंदीसाठी दाखवायची. पोरं ‘नऊ एमएम’ मागतात. तो बोअर (नळीचा व्यास) प्रतिबंधित आहे, जिल्ह्यातून मिळत नाही. परवान्यावर कुठल्या भागापुरता तो आहे हे लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता परवाना कमरेला लावून मिरजेहून कागवाडला लग्नाला गेलात तर म्हैसाळ ओलांडताच ते विनापरवाना शस्त्र ठरतं. लग्नात हवेत बार काढला तर कोणाला लागो न लागो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तलवारीने केक कापून स्टेटस ठेवणाऱ्यांवरही शस्त्र अधिनियमाच्याच कलम ४ आणि २५ खाली गुन्हे नोंदवले जातात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी द्यावा.

परवाने सैल हाताने वाटले की काय होतं, हे बीडने दाखवलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि त्या जिल्ह्यात इतके परवाने कोणाला, कशाच्या जोरावर दिले असा सवाल उठला; प्रशासनाने फेरतपासणी करून परवाने रद्दही केले. माझं मत विचाराल तर पुढाऱ्याच्या शिफारसपत्राला फाइलमध्ये जागाच नसावी. आज त्याचा उपयोग होत असेलही, पण फेरतपासणीत ‘कारण काय’ हा रकाना रिकामा दिसला की ते पत्र कोणाला वाचवत नाही.

अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागून घ्या. सार्वजनिक हिताआड येत नसेल तर ती द्यावी लागतात. त्यानंतर ३० दिवसांत पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. आणि परवाना मिळाला तरी निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ज्यांची नावं काढेल त्यांना शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेणं मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेलं नाही, त्यामुळे नोटीस आपल्या नावाची आहे का ते बघा. जमा करताना बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या. परत आणायला गेल्यावर तीच मागतात.