खारपाणपट्ट्यातलं बाळ आणि दुधाचा डबा

माझ्या भाचीचं पहिलं बाळंतपण माहेरी, दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी झालं. महिना मे. बाळ तीन दिवसांचं असताना जावई दोन भरलेल्या पिशव्या घेऊन आले आणि खाटेवर एकेक वस्तू निघू लागली. दुधाच्या भुकटीचा डबा, दोन बाटल्या, अंगाला लावायची पावडर, डायपरचा मोठा पुडा, काजळाची डबी, शिवाय चाकांचा वॉकर.

"एवढं काउन आणलं, जावईबापू?"

"मेडिकलवाला म्हणे मावशी, लेकराले लागतेच. सुरुवातीले बाईले दूध कमी असते म्हणे."

पैसे उसनवारीचे होते, हे नंतर कळलं. पहिल्या लेकरासाठी बाप असा जीव टाकतो तेव्हा त्याच्या हातात योग्य तीच वस्तू पडावी असं मला फार वाटतं.

आधी दुधाचंच बघू. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं, आणि आईचा पिवळसर चीक तेवढाच असतो. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान उतरतं. बाळ जितकं ओढतं तितकं दूध पुढे तयार होतं. मधेच बाटली दिली की बाळाचं पोट भरतं, ओढणं कमी होतं आणि दूध खरंच आटू लागतं. 'कमी आहे' म्हणून आणलेला डबाच मग ते कमी करतो. म्हणूनच आपल्याकडे 1992 पासून कायदा आहे आणि 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचा दुधाचा डबा, बाटली किंवा तयार बाळआहार यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत.

पण आमच्या भागात डब्याचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो डब्यावर छापलेला नसतो. ही भुकटी बाळाच्या पोटात जाते ती पाण्यात कालवून. आमच्याकडे ते पाणी कुठलं?

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. हिरीचं, बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं की मीठ कळतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर 2000. मोठ्या माणसाचे मूत्रपिंड जादा मीठ थोड्या लघवीतून बाहेर टाकू शकतात. तान्ह्या बाळाचे मूत्रपिंड लघवी साधारण निम्मीच घट्ट करू शकतात, त्यामुळे तेच मीठ टाकायला त्यांना अंगातलं जास्त पाणी खर्चावं लागतं, तेही पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात. आई तेच खारट पाणी प्याली तरी तिच्या दुधातलं मीठ तिचं शरीर वाढू देत नाही.

दुसरी गोष्ट नायट्रेटची. शेतातला युरिया, गोठ्याचं शेण, संडासचा खड्डा यांतून ते जमिनीत मुरतं आणि हिरीत उतरतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास निकामी करतं. बाळ निळसर पडतं. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कोमली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणाऱ्या बाळांमध्ये हा प्रकार नोंदवला होता. आईच्या दुधात नायट्रेट फार थोडं उतरतं. तिकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड जास्त आहे, त्याचंही असंच.

सगळे सांगतात, पाणी उकळून घ्या. उकळल्याने जंतू मरतात, ते करायलाच हवं. पण मीठ, नायट्रेट, फ्लोराइड उकळून जात नाहीत. वाफ उडाल्यावर उरलेल्या पाण्यात ते उलट घट्ट होतात. आई नसेल, फार आजारी असेल आणि डॉक्टरांनीच डबा लिहून दिला असेल, तर नळाचं धरणाचं पाणी किंवा आरओचं पाणी घ्यावं आणि तेही उकळावं, कारण आरओच्या कॅनमध्ये जंतू नसतीलच असं नाही. भुकटीतही जंतू असू शकतात, म्हणून पाणी किमान 70 अंश गरम असतानाच ती कालवायची आणि मग कोमट करून पाजायची. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवणं म्हणजे बाळाला उपाशी ठेवणं. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीच्या वेळचं चोचीचं बोंडलं चांगलं, कारण ते आतून नीट घासता येतं. बाटलीच्या रबरी बोंडाच्या आतला चिकट थर बोटाला लागतो, तिथपर्यंत ब्रश पोचत नाही. गावात पाणी तपासायचं किट असलेल्या बाया असतात, जल जीवन मिशनमध्ये त्यांना ते शिकवलेलं आहे. आपल्या हिरीचं पाणी बाटलीत भरून त्यांच्याकडे न्यावं.

बाकीच्या पिशवीचं थोडक्यात सांगते. पावडरची बारीक धूळ बाळाच्या श्वासात जाते आणि घामोळ्यांना तिचा उपयोग नाही. काजळात शिसं असू शकतं, म्हणून ते डोळ्यात नकोच. वॉकरने बाळ लवकर चालत नाही, उंबऱ्यावरून मात्र उलटतं. कॅनडाने 2004 मध्ये तो विकायलाच बंदी घातली.

डायपर प्रवासात, रात्री ठीक आहे. दिवसभर मात्र उन्हाळ्यात आतली कातडी भिजून मऊ पडते, लघवीतून अमोनिया तयार होतो, शीमधले पाचक रस त्यात जास्त जोर धरतात आणि जांघा लाल होतात. आपण पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या मुलखातले. जुन्या धोतराचं, सुती लुगड्याचं बाळुतं घरात असतंच. फक्त इथेही पाणी आडवं येतं. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून त्याचा पांढरट थर कापडात बसतो. वाळल्यावर बाळुतं पापडासारखं कडक होतं आणि कोवळ्या कातडीला घासतं. साबण कमी घ्यावा, शेवटचं खळखळणं नळाच्या पाण्यात करावं, आणि कडक उन्हात वाळवावं.

जावयांना हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. पण डबा, बाटल्या, वॉकर परत गेले. बदल्यात आला एक थर्मामीटर, कारण तान्ह्या बाळाच्या काखेत 37.5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, अथवा 35.5 हून कमी भरलं तर थेट दवाखाना गाठायचा असतो. आणि डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्वाचे थेंब.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. वजन केलं, ताप बघितला आणि विचारलं, "दिवसातून लघवी किती वेळा करते?" सहा किंवा जास्त असली की दूध पुरतंय असं समजतात. भाचीने अंगणातल्या दोरीकडे बोट दाखवलं आणि कालपासूनची बाळुती मोजली. आठ होती.