घडीच्या चाकूत ‘स्टील कोणतं?’ हा प्रश्न आला कुठून

नवीन घडीचा चाकू येणार अशी खबर लागली की आमच्या इंदूरच्या शौकीन मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, स्टील कोणतं? मॅग्नाकट (सध्याचं गाजलेलं स्टील) आहे का, नसेल तर का नाही, लॉक म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारं कुलूप क्रॉसबारचं (आडव्या दांडीचं) की बटणाचं, क्लिप खिशात खोल बसते का, पातं तीन-साडेतीन इंच, आणि हे सगळं बजेटमध्ये. राजेंद्रनगर असो की सियागंज, चार जण जमले की हीच यादी, आणि त्यातल्या अर्ध्या लोकांचा चाकू जाम (म्हणजे पेरू हो) कापणं आणि कुरिअरचे डबे फोडणं याच्यापुढे जात नाही, ते असो. पण या यादीतली एकेक गोष्ट आधी कोणाची तरी खरी अडचण सोडवायला आली होती, मागणी नंतर झाली.

पूर्वी स्टीलचं नाव कोणी विचारायचंच नाही, गावाचं विचारायचे. शेफिल्ड, झोलिंगेन, आपल्याकडे रामपूर. शेफिल्डला तर चाकू बनवणाऱ्यांची कंपनी १६२४ पासून आहे. आत लोखंड काय, त्याला पाणी कसं दिलं (म्हणजे तापवून, थंड करून कडक कसं केलं), हे कारागिराचं गुपित. याला अपवाद म्हणजे आपलं वुट्झ, दक्षिणेत मुशीत बनणारं पोलाद, ते मात्र नावानिशी विकलं जायचं. लंडनचा जेम्स स्टोडार्ट नावाचा चाकूवाला त्याच्यावर एवढा फिदा होता की १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडेला (हो तोच, विजेवाला, लोहाराचा पोरगा) सोबत घेऊन त्यानं स्टीलमध्ये चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम काय काय मिसळून बघितलं. वुट्झच्या पात्यावर ती लाटांसारखी नक्षी कशामुळे यायची, तर १९९० च्या दशकात व्हेरहोवेन आणि पेंड्रे या दोघांनी दाखवलं की लोखंडात आपसूक आलेल्या चिमूटभर व्हॅनेडियमसारख्या धातूंमुळे. हे व्हॅनेडियम लक्षात ठेवा.

मग १९१३ साली शेफिल्डच्याच हॅरी ब्रिअर्लीनं बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना जवळपास १३ टक्के क्रोमियमचं न गंजणारं स्टील काढलं. तिथल्या कारागिरांनी नाकं मुरडली, न कापणाऱ्या चाकूंचा शोध लावणारा म्हणून त्याची टिंगल झाली. ‘स्टेनलेसला धार राहत नाही’ हे आमच्याकडच्या आज्या लोखंडी विळीला चिकटून आजही म्हणतात, आणि त्यात काही अगदीच चूक नाही, कारण क्रोमियम कार्बनला धरून बसतं आणि साध्या पद्धतीनं ओतलेलं स्टील हळूहळू थंड होताना त्यांचे मोठाले कण तयार होतात, मग धार बारीक केली की ती तिथेच तुटायला बघते.

तरी शौकीन लोक बरीच वर्षं स्टील दुसऱ्याच धंद्यातून उचलत होते. डी२ हे साच्यांचं आणि पंचांचं स्टील, १५४सीएम बेअरिंगसाठीचं, ते १९७० च्या दशकात बॉब लव्हलेस या अमेरिकन चाकू कारागिरानं चाकूत लोकप्रिय केलं आणि जपानच्या हिताचीचं एटीएस-३४ म्हणजे जवळजवळ तेच. खास चाकूसाठी म्हणून डोकं लावलेलं मोठं नाव म्हणजे २००१ चं एस३०व्ही, अमेरिकेच्या क्रुसिबल कंपनीचं, ज्यात चाकू बनवणारा ख्रिस रीव्ह सल्ल्याला होता. क्रुसिबलची खासियत पावडर. वितळलेल्या स्टीलच्या धारेवर जोरात गॅस मारायचा, त्याचे बारीक थेंब क्षणात गोठतात, कणांना मोठं व्हायला वेळच मिळत नाही, मग ती पावडर डब्यात सील करून उष्णता आणि दाबानं परत ठोकळा बनवायचा. एस३०व्हीत व्हॅनेडियम ४ टक्के, चिमूटभर नाही. त्याचे कण क्रोमियमच्या कणांपेक्षा कडक, म्हणून धार टिकते, आणि म्हणूनच साध्या दगडावर घासून घासून हात दुखतात. २०२१ ला लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचं मॅग्नाकट आलं, त्यात फंडा असा की क्रोमियम १०.७ टक्केच ठेवायचं पण त्याचे कण होऊच द्यायचे नाहीत, सगळं क्रोमियम गंज रोखायला मोकळं, धारेचं काम व्हॅनेडियम आणि निओबियमकडे. कागदावर कमी क्रोमियम आणि तरी गंजत नाही, वर चिवटही, म्हणून लोक वेडे झाले. मध्ये २०२४ च्या डिसेंबरात क्रुसिबलनंच दिवाळखोरीचा अर्ज केला, पावडरचं काम पुढे फ्रान्सच्या इरास्टीलकडे गेलं.

माझं मत विचाराल तर लोक नाव वाचतात आणि पाणी कसं दिलंय ते विसरतात. अमेरिकेची बक कंपनी ४२०एचसी या साध्या स्टीलला नीट पाणी देऊन वर्षानुवर्षं चांगले चाकू विकते, आणि मॅग्नाकट नरम ठेवलं तर काय उपयोग? धारेच्या मागे पातं जाड असेल तर जाम कापत नाही, फुटतो. आता कुठे लोक रॉकवेलचा आकडा (म्हणजे स्टील किती कडक) आणि धारेमागची जाडी विचारायला लागलेत, हे बरं झालं.

डिझाइनचंही तसंच. १९६४ चा बक ११० शिकाऱ्यांसाठी, पितळी टोकांच्या मुठीचा, दोनेकशे ग्रॅम वजन, उघडायला दोन्ही हात आणि ठेवायला पट्ट्यावरची म्यान. १९८१ ला स्पायडर्को कंपनीनं ‘वर्कर’ काढला, पात्यात गोल भोक, मुठीला क्लिप, एका हातानं उघडा आणि खिशाला अडकवा. क्लिप नसलेला चाकू आज कोणी बघत पण नाही. क्रॉसबार लॉक १९९८ ला बेंचमेड कंपनीनं ॲक्सिस नावानं आणलं, वीसेक वर्षांनी पेटंट संपलं आणि स्वस्त चिनी चाकूंतही तेच यायला लागलं, म्हणून आता ते मागतात.

बटण लॉकचं मात्र इथे वेगळं आहे. त्यात बटण फक्त कुलूप सोडतं, पातं आपल्यालाच उघडावं लागतं, पण आपल्याकडे बटण म्हटलं की आधी खटकेवाला रामपुरीच आठवतो. त्यात मध्य प्रदेशात आर्म्स ॲक्टखालचं १९७४ चं नोटिफिकेशन आहे, सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू सार्वजनिक जागी बाळगायचा नाही, आणि स्प्रिंगनं उघडणारा तर कुठल्याच मापाचा नाही. आता रात्री सराफ्यात हवालदाराला उभ्या उभ्या स्प्रिंग आणि बटणातला फरक कोण समजावणार, त्यामुळे आमच्यातले बरेच जण बटण लॉकचं कौतुक भरपूर करतात आणि घेताना गुपचूप क्रॉसबारवालाच घेतात.