घोकून आलेला रिमोट आणि नक्कल करणारा रिमोट

मामाने पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवा रिमोट आणला आणि जुना त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकला. जुन्याची तब्येत तशीच होती: आवाजाची बटणं आत रुतलेली, सेलचं झाकण हरवलेलं, रबर बँडवर चाललेला संसार. नव्याच्या पाकिटावर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं, आणि दुकानदारानेही सांगितलेलं, “काका, सगळ्या टीव्हीला चालतो.” रात्री साडेनऊला मला फोन आला. “अरे, एकही बटण लागत नाहीये. रिमोटचा लाल दिवा लुकलुकतो, टीव्ही ढिम्म.”

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. सेल सरळ घातलेले होते, रिमोटही चांगला होता. पण तो शिकणारा रिमोट होता, म्हणजे पाकिटातून निघताना कोरा. त्याला शिकवायला जुना रिमोट हवा. “मामा, जुना कुठाय?” उत्तर मामीने दिलं, “सकाळीच घंटागाडीत गेला.”

‘युनिव्हर्सल’ या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन प्रकार विकले जातात. दिसायला सारखे, किमतीतही फार फरक नाही, आणि काउंटरवरचा माणूस दोन्हींना युनिव्हर्सलच म्हणतो. एक कोडचा रिमोट: त्यात बऱ्याच कंपन्यांचे संकेत कारखान्यातच भरलेले असतात, आपण फक्त त्यातला कोणता संच वापरायचा ते सांगायचं. दुसरा लर्निंग रिमोट: त्याच्या पोटात काहीच नसतं, मूळ रिमोट समोर धरून एकेक बटण शिकवायचं. पहिला घोकून आलेला विद्यार्थी, दुसरा शेजारच्याच्या पेपरात बघून लिहिणारा. शेजारी कोणी बसलेलाच नसेल, तर दुसऱ्याचा पेपर कोरा राहणार.

हे दोघे नेमकं काय घोकतात किंवा उतरवून घेतात, ते एकदा बघू, म्हणजे पुढचे घोळ आपोआप कळतील. रिमोटच्या तोंडाशी एक बारका दिवा असतो. त्याचा प्रकाश अवरक्त, बहुधा 940 नॅनोमीटरच्या आसपासचा, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट लुकलुक दिसेल. (मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसली तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच असते.) हा दिवा सेकंदाला साधारण 38 हजार वेळा उघडझाप करतो, त्यामुळे घरातल्या इतर उजेडातून टीव्हीला तो वेगळा काढता येतो. या उघडझापीचे लांब-आखूड तुकडे पाडले की झाला संदेश. खूप ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एनईसी पद्धतीत आधी 9 मिलिसेकंद उघडझाप, मग 4.5 मिलिसेकंद शांतता आणि त्यानंतर 32 बिट, म्हणजे शून्य-एकच्या खुणा, येतात: निम्म्यांत निरोप कोणासाठी आहे ते, निम्म्यांत काय करायचं ते. सोनीचा हिशेब 40 हजारांचा आणि वेगळ्या मांडणीचा, फिलिप्सच्या आरसी-5 चा 36 हजारांचा. गल्लीगल्लीत बोली बदलावी तसा प्रकार.

कोडच्या रिमोटला यातल्या बऱ्याच बोली येतात, पण आपल्या घरी कुठली चालते हे त्याला माहीत नसतं. पाकिटात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद असतो तो त्यासाठीच. ‘सेट’ बटण दिवा स्थिर लागेपर्यंत दाबून धरायचं, कागदावर कंपनीच्या नावापुढे असलेला तीन-चार आकडी कोड टाकायचा, दिवा विझला की आवाज कमी-जास्त करून बघायचं. एका कंपनीपुढे एक कोड असतो असं मात्र नाही. वर्षानुवर्षं मॉडेलं बदलली, बोली बदलली, म्हणून आठ-दहा आकडे ओळीने छापलेले असतात आणि ते एकेक करून तपासावे लागतात.

कंटाळा येतो म्हणून लोक ऑटो सर्च लावतात. रिमोट एकामागून एक कोड सोडत जातो, टीव्ही बंद झाला किंवा आवाजाची पट्टी हलली की लगेच बटण दाबून थांबवायचं. इथे सगळ्यांचं हमखास चुकतं ते थांबवण्यात. “अगं बंद झाला, झाला!” म्हणेपर्यंत रिमोट दोन कोड पुढे गेलेला असतो. आणि टीव्ही बंद झाला म्हणजे जमलंच, असंही नाही. दोन कोडांत पॉवरचा संकेत एकच आणि मेनूचा वेगळा, असं सर्रास होतं. पॉवर, आवाज, मेनू आणि इनपुट बदलायचं बटण, ही चारही चालली तरच तो कोड आपला. मी स्वतः कागदावरूनच कोड टाकतो, कारण ऑटो सर्चमध्ये सापडलेला कोड बहुतेक रिमोट आकड्यांत सांगत नाहीत. सहा महिन्यांनी सेल बदलताना स्वस्तातला रिमोट सगळं विसरला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शाओमीच्या ज्या फोनांना वरच्या कडेला अवरक्त दिवा असतो, त्यांतलं रिमोटचं ॲपही याच जातकुळीतलं. कंपनी निवडा, तीन-चार बटणं दाबून खात्री करा, झालं. फोनला बोलायला तोंड आहे, ऐकायला कान नाही, त्यामुळे बहुतेक फोन नक्कल करू शकत नाहीत.

लर्निंग रिमोटला उलट कंपनीचं नाव कळत नाही आणि कळायची गरजही नसते. समोरून आलेली उघडझाप जशीच्या तशी टिपून ठेवायची आणि बटण दाबलं की परत सोडायची, एवढंच त्याचं काम. कोडच्या कागदावर जिचं नाव कधीच येणार नाही अशी कंपनी, गल्लीतल्या दुकानदाराने जोडून दिलेला ॲम्प्लिफायर, नव्या जमान्याचा साउंडबार, सगळं त्याला सारखंच. जुना रिमोट धड असेल तर मी डोळे मिटून हाच घेईन.

शिकवायची रीत अशी. टेबलावर दोन सारख्या जाडीची पुस्तकं ठेवायची आणि त्यांवर दोन्ही रिमोट नाकाला नाक लावून, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून. हातात धरून केलं तर तिसऱ्या बटणापर्यंत हात हलतो. जुन्या रिमोटमध्ये नवे सेल घाला. मरत्या सेलवर शिकवलेलं अर्धवट उतरतं. खिडकीतलं ऊन आणि सीएफएल टाळा, कारण सीएफएलच्या चोकची उघडझाप याच हजारांच्या पट्ट्यात येते आणि नक्कल गढूळ होते. मग नव्यावर ‘लर्न’ किंवा ‘सेट’ दाबून धरायचं, ज्या जागी शिकवायचं ते बटण दाबायचं, दिवा वाट बघत राहतो. आता, आणि आताच, जुन्या रिमोटचं बटण एकदा दाबून सोडायचं. दिवा दोन-तीनदा लुकलुकला की उतरलं. लोक जुन्याचं बटण आधीपासूनच दाबून बसतात. एनईसी पद्धतीत पूर्ण संदेश फक्त पहिल्यांदा जातो, नंतर बटण दाबून धरलं असेपर्यंत ‘तेच, तेच’ एवढाच आखूड निरोप दर 110 मिलिसेकंदांच्या आसपास जात राहतो. नव्याने नेमका तो आखूड निरोप टिपला, तर टीव्ही विचारणार, “तेच म्हणजे काय?”

आंधळ्या नकलेची आणखी एक गंमत आरसी-5 मध्ये दिसते. त्यात एक बिट असं ठेवलंय की दर नव्या दाबाला ते उलटतं. त्यावरून टीव्हीला कळतं की बटण पुन्हा दाबलं की नुसतंच दाबून धरलंय. साधा लर्निंग रिमोट तेही बिट गोठवून ठेवतो. मग 11 नंबरचं चॅनेल लावायला 1 आणि 1 दाबलं, की टीव्हीला एकच लांब 1 दिसतो आणि पहिलं चॅनेल लागतं. मध्ये दुसरं एखादं बटण दाबलं तर चालतं, म्हणून लोकांना वाटतं रबर खराब झालं. चांगल्या लर्निंग रिमोटना ही खोड ओळखता येते, स्वस्तातल्यांना नाही. कोडच्या रिमोटला हा त्रास नाही, कारण तो ती बोली व्याकरणासकट शिकून आलेला असतो.

एसीचं उदाहरण तर याहून झकास. बहुतेक एसींचा रिमोट ‘एक अंश वाढव’ असं सांगतच नाही. तो दर दाबाला पूर्ण कुंडली पाठवतो: कूल मोड, 25 अंश, पंखा मध्यम, स्विंग बंद. लर्निंग रिमोटला तुम्ही ‘अधिक’ बटण शिकवलंत, तर पुढे कितीही वेळा दाबा, तो 25 च म्हणत बसणार. एसीसाठी पडदा असलेला कोडचा रिमोटच घ्यावा.

शिकणाऱ्या रिमोटची कल्पना काही नवी नाही. ॲपलचा स्टीव्ह वॉझ्नियॅक तिथून बाहेर पडल्यावर याच्याच मागे लागला होता. त्याच्या सीएल 9 कंपनीचा ‘कोर’ नावाचा रिमोट 1987 मध्ये बाजारात आला. पुढे लॉजिटेकच्या हार्मनीने दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या, म्हणजे कोडांचा साठा इंटरनेटवरून घ्यायचा आणि उरलंसुरलं नकलेने. 2021 मध्ये त्यांनी ते बनवणं थांबवलं.

आपल्याकडे लर्निंग रिमोट अनेक घरांत आधीच आहे, फक्त कोणी त्याच्याकडे त्या नजरेने बघितलेलं नसतं. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर एका कोपऱ्यात चार-पाच बटणांचा वेगळ्या रंगाचा चौकोन दिसतो ना, ‘टीव्ही’ लिहिलेला? पुष्कळ रिमोटांत ती शिकणारी बटणं असतात. टीव्हीची पॉवर, आवाज आणि इनपुट तिथे शिकवून टाकलं की टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवता येतो. कपाटात, कचऱ्यात नाही.

दोघांनाही न जमणारी एक गोष्ट आहे: ब्लूटूथ. फायर टीव्ही स्टिक टीव्हीच्या पाठीमागे लपलेली असते आणि तिचा रिमोट तिच्याशी ब्लूटूथने बोलतो. अवरक्त प्रकाश ओळखणारा डोळा तिला नाहीच. तिच्यासमोर कोड टाका नाहीतर नक्कल करा, भिंतीशी बोलल्यासारखं. माइकचं बटण असलेल्या स्मार्ट टीव्हीच्या रिमोटचंही थोडंफार तसंच: पॉवर आणि आवाज बरेचदा अवरक्तावर चालतात, तेवढे उतरतात, पण बोलून शोधायची सोय नव्या रिमोटमध्ये येत नाही.

मामाच्या बाबतीत मी आधी इमारतीत चौकशी केली. त्याच कंपनीचा टीव्ही कोणाकडे असता, तर त्यांचा रिमोट दहा मिनिटं मागून आणून काम भागलं असतं. नक्कल करायला आपलाच रिमोट हवा असं कुठेय? पण तसला टीव्ही आता कोणाकडेच नव्हता. शेवटी पुन्हा तपकीर गल्ली, या वेळी पाकीट उघडून आत कोडचा कागद आहे ना ते बघून. पहिल्या कोडवर टीव्ही बंद झाला, पण आवाज हलेना. दुसऱ्याने आवाज हलला, पण इनपुटच्या बटणावर झोपेचा टायमर उघडला. चौथा अचूक बसला. कोरा लर्निंग रिमोट मी घरी आणला, आता तो साउंडबार आणि सेट टॉप बॉक्स दोन्ही सांभाळतो.

गेल्या महिन्यात मामाकडे सेल बदलायची वेळ आली. झाकण उघडलं तर आतल्या बाजूने औषधाच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी लावलेली. तिच्यावर मामीच्या अक्षरात चार आकडे, आणि खाली: ‘टीव्ही. टाकू नये.’