चालत्या कर्नलमधले पाच बाइट

अपडेट म्हटलं की रीस्टार्ट आलंच, ही आपली ठाम समजूत. पण लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, २०१५ सालापासून (४.० आवृत्तीपासून) लाइव्ह पॅचिंग, म्हणजे चालत्या कोडची दुरुस्ती, आहे. यंत्र चालूच राहतं. सदोष फंक्शनमध्ये (कोडच्या तुकड्यात) शिरणाऱ्या प्रोसेसरला दारातूनच नव्या फंक्शनकडे वळवतात. (‘स्वतःला बरा करणारा सर्व्हर’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. पॅच माणसंच लिहितात. खंडेनवमीला सर्व्हरला हार जरूर घाला, पण पॅचही घाला.)

वळवण्याचं काम करते ‘कॉल’ ही सूचना. इंटेल-एएमडी प्रोसेसरवर ती ५ बाइटांची असते: पहिला बाइट ‘ई८’, उरलेल्या चारांत कुठे जायचं ते अंतर. दोनच बाइट बदलून झालेत आणि प्रोसेसरचा दुसरा कोअर (त्यातलं स्वतंत्र गणनयंत्र) नेमका तिथे पोचला, तर तो भलतीकडेच जाईल. म्हणून आधी पहिल्या बाइटच्या जागी ‘सीसी’, म्हणजे कोअरला थांबवून ‘हँडलर’ नावाच्या कर्नलच्या कोडकडे पाठवणारा ब्रेकपॉइंट, लिहितात. ‘काम चालू, रस्ता बंद’ची पाटीच ती. मग मागचे चार बाइट, शेवटी पहिला. दर टप्प्याला सगळ्या कोअरना वर्दी.

पण पाटीपाशी आलेल्या कोअरचं काय? पूर्वी हँडलर त्याला सूचना ओलांडून पुढे सोडायचा. ट्रेसिंगमधली (कोणतं फंक्शन कधी चाललं याच्या टिपणातली) एखादी नोंद हुकली तर चालतं, पण इथे कॉल हुकला की जुनंच फंक्शन चालणार. तेव्हा कॉलची हुबेहूब नक्कल हवी: परतीचा पत्ता स्टॅकवर (मेमरीत वरून खाली वाढत जाणाऱ्या नोंदींच्या चळतीवर) ठेवायचा, मग उडी. समजा कॉल मेमरीत १००० या पत्त्यावर आहे. ब्रेकपॉइंटनंतर प्रोसेसर १००१ नोंदवतो. परतायचं मात्र १००५ वर. एवढी बेरीज सोपी.

अडचण जागेची. कर्नलमध्येच ब्रेकपॉइंट लागला तर स्टॅक तोच राहतो, आणि प्रोसेसर स्वतःच्या पाच नोंदी त्यावर लगेच खाली मांडून मोकळा होतो. परतीचा पत्ता जिथे हवा, तिथे याच नोंदी बसलेल्या. त्या पुसल्या तर परतच जाता येत नाही.

कर्नलवर काम करणारे जॉश पॉइमबोफ यांनी यावर सुचवलेला आणि २०१९ साली कर्नलमध्ये आलेला तोडगा मला फार आवडतो. हँडलरमध्ये शिरतानाच त्या पाच नोंदी आणि कर्नलची स्वतःची एक, अशा प्रत्येकी ८ बाइटांच्या सहांची नक्कल आणखी खाली करायची. वर ४८ बाइटांची फट पडते. त्यांचे सहकारी पीटर झिल्स्ट्रा यांचा कोड तिथे परतीचा पत्ता ठेवतो आणि नोंदीतला स्टॅक पॉइंटर (स्टॅकचं टोक दाखवणारा पत्ता) ८ ने कमी करतो. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममधून ब्रेकपॉइंट आला तर स्टॅकच वेगळा असतो, म्हणून तिथे फट पाडत नाहीत.