एपी१ की एपी२? होंडा एस२०००ची पिढी ओळखताना

अमेरिकेत विकल्या गेलेल्या दोन होंडा एस२००० घ्या. एक २००३ची, दुसरी २००४ची. दोन्हींच्या माहितीपत्रकात ताकद एकच छापलेली आहे, २४० हॉर्सपॉवर. दोन्हींना चार सिलिंडर, दोन्हींना सहा गिअर, दोन्हींत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर. तरीही दोघींची इंजिने वेगळी, वळणावरचे वागणे वेगळे, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन त्यांना नावेही वेगळी देतात: एपी१ आणि एपी२. बंपर आणि दिवे पाहून ही ओळख पटवायला गेलो तर फसण्याची शक्यता बरीच आहे. फरक कुठे शोधायचा हे समजायला तो मुळात का करावा लागला हे समजून घ्यावे लागते, आणि तिथे या गाडीतले खरे विज्ञान आहे.

१९९८ साली होंडा कंपनीला पन्नास वर्षे झाली आणि १९९९च्या एप्रिलमध्ये एस२००० जपानमध्ये विक्रीला आली. शिगेरू उएहारा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तिची आखणी झाली होती. दोन माणसांची, उघड्या टपाची ही गाडी. तिच्या १,९९७ सीसीच्या एफ२०सी इंजिनातून जपानी आवृत्तीत २५० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) निघत, म्हणजे दर लिटरमागे १२५. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या, रोजच्या रस्त्यावरच्या इंजिनासाठी त्या काळी हा आकडा विक्रमी होता.

टर्बो नसताना एवढी ताकद आणायची कशी? ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फिरण्याचा वेग. दोन लिटरचे इंजिन एका फेऱ्यात जेवढी हवा ओढते त्याला मर्यादा आहे, त्यामुळे टॉर्कलाही मर्यादा आहे. वाढवण्याजोगा उरतो तो वेग. म्हणून हे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत पळवले गेले. साधारण ६,००० फेऱ्यांच्या आसपास तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे रॉकर आर्म एकमेकांना जोडले जातात आणि व्हॉल्व्ह जास्त उंच व जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमचा उंचवटा कामाला लागतो. हीच होंडाची व्हीटेक यंत्रणा. त्या क्षणी इंजिनाचा आवाजच बदलतो आणि माझ्या मते एपी१ची सगळी मजा त्या पुढच्या ३,००० फेऱ्यांत आहे.

पण ९,००० फेऱ्या पिस्टनला काय भोगायला लावतात ते पाहा. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, ८४ मिलिमीटर. मिनिटाला ९,००० म्हणजे सेकंदाला १५० फेऱ्या, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन धावा. सेकंदाला ३०० वेळा ८४ मिलिमीटर, म्हणजे सरासरी २५.२ मीटर प्रतिसेकंद. हा वेग ताशी ९० किलोमीटर भरतो. वेगापेक्षा कठीण गोष्ट म्हणजे प्रत्येक टोकाला थांबून उलट फिरणे. सगळ्यात वरच्या बिंदूवर पिस्टनचा त्वरण काढला तर तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४,८५० पट येतो. पिस्टनचे दर १०० ग्रॅम वजन त्या क्षणी पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला जवळपास ४८५ किलोच्या ओढीने खेचते. हे दर सेकंदाला दीडशे वेळा घडते.

अमेरिकन ग्राहकाला मात्र सिग्नलवरून निघताना आणि शहरात फिरताना खालच्या फेऱ्यांत जोर हवा होता. तो आणण्याचा सरळ मार्ग इंजिन मोठे करण्याचा. २००४च्या अमेरिकन गाडीत एफ२२सी१ हे २,१५७ सीसीचे इंजिन आले. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, तसाच ८७ मिलिमीटर ठेवला आणि स्ट्रोक ८४वरून ९०.७ मिलिमीटर केला. स्ट्रोक ६.७ मिलिमीटरने वाढला की पिस्टन वरच्या टोकाला त्याच्या निम्म्याने, ३.३५ मिलिमीटरने, जास्त वर येतो. ब्लॉकची उंची न बदलता हे साधायचे तर कनेक्टिंग रॉड तेवढाच आखूड करावा लागतो. जुना रॉड १५३ मिलिमीटरचा, नवा १४९.६५चा, फरक बरोबर ३.३५. मला या गाडीतला हा सगळ्यात देखणा हिशेब वाटतो.

या बदलाची किंमत फेऱ्यांनी चुकवली. नवा क्रँक ९,०००वर पळवला असता तर सरासरी वेग २७ मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे गेला असता आणि वरच्या बिंदूवरचा त्वरण ५,३०० पटींच्या वर. शिवाय आखूड रॉड जास्त तिरका होतो. जुन्या इंजिनात तो जास्तीत जास्त सुमारे १६ अंश कलत असे, नव्यात साडेसतरा, म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर बाजूने जास्त रेटतो. म्हणून लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, ८,०००वर आणली गेली. तिथे पिस्टनचा सरासरी वेग २४.२ मीटर प्रतिसेकंद येतो, जुन्यापेक्षा थोडा कमीच.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. जुने इंजिन २४० हॉर्सपॉवर ८,३०० फेऱ्यांवर देते, नवे ७,८००वर. ताकद तीच आणि फेरे कमी, म्हणजे टॉर्क वाढलेला असणारच. तो सुमारे २०७ न्यूटन मीटरवरून २२०पर्यंत गेला. कागदावरच्या ताकदीच्या आकड्यात हे काहीच दिसत नाही. आत बसून फेरे दाखवणारा टॅकोमीटर पाहिला की दिसते: लाल पट्टा ९,०००वर असेल तर जुने इंजिन, ८,०००वर असेल तर नवे. तेवढ्यावरही समाधान मानू नये, कारण मीटरचा डबा बदलता येतो. बॉनेट उघडून ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर वाचावा. तो एफ२०सीने सुरू होतो की एफ२२सीने, यावर वाद उरत नाही.

बाहेरचे फरक खरे आहेत, फक्त ते टिकाऊ पुरावे नाहीत. २००४पासून बंपर जास्त कोनदार झाले, टेललाइटमध्ये एलईडी आले, सायलेन्सरची गोल तोंडे लंबगोल झाली, चाके १६ इंचांवरून १७ इंचांवर गेली. हे सगळे भाग जुन्या गाडीवर बसतात आणि हौसेने बसवलेही जातात. मागच्या काचेचेही तसेच. पहिल्या दोन वर्षांच्या कापडी टपात प्लॅस्टिकची खिडकी होती, २००२पासून काच आली. पण इतक्या वर्षांत टप फाटून नवा घातलेल्या गाड्या भरपूर आहेत, आणि नव्या टपात बहुधा काचच असते.

चाकांजवळ मात्र थोडे थांबायला हवे, कारण २००४च्या बदलाचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. सुरुवातीच्या एस२०००वर वळणात अचानक मागून निसटणारी गाडी असा शिक्का बसला होता. मागचे चाक खड्ड्यावर किंवा वजनाने वर दाबले गेले की सस्पेन्शनच्या भूमितीमुळे ते किंचित आतल्या बाजूला वळते. गॅरेजमध्ये अलाइनमेंट करताना ज्याला टो-इन म्हणतात तेच. वळणात बाहेरचे मागचे चाक असे आत वळले की गाडीची शेपटी घट्ट राहते. आता त्याच वळणात चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर वजन पुढे जाते, मागची बाजू वर उठते, आणि तो टो-इन नेमका गरज असते तेव्हाच नाहीसा होतो. शेपटी बाहेर येते. ओल्या रस्त्यावर हे फार लवकर घडते.

२००४मध्ये ही भूमिती बदलून दाबाबरोबर टो-इनमध्ये होणारे बदल कमी केले गेले, मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या आणि टायरचे गणितही बदलले. पूर्वी पुढे २०५ मिलिमीटर रुंद आणि मागे २२५ असे टायर होते, आता पुढे २१५ आणि मागे २४५. पुढे दहाने वाढ, मागे विसाने. मागच्या पकडीला जाणूनबुजून झुकते माप दिले आहे. रिम एक इंचाने मोठी झाली तरी टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहिला, कारण मागच्या टायरची भिंत ११२.५ मिलिमीटरवरून ९८वर आली. कुशल चालकांना जुनी गाडी जास्त जिवंत वाटते हे मी समजू शकतो, पण हा बदल योग्यच होता. गाडी विकत घेणारा प्रत्येक जण शर्यतीचा चालक नसतो.

जुन्या अमेरिकन गाडीच्या कागदांवर सगळ्यात भरवशाची जागा चासी नंबर. आपल्या आरसीवर असतो तसाच हा सतरा अक्षर-अंकांचा नंबर. जपानमध्ये बनलेल्या या गाडीचा नंबर जेएचएम या अक्षरांनी सुरू होतो आणि लगेच पुढे एपी१ किंवा एपी२ येते. दहावे स्थान मॉडेलच्या वर्षाचे: २०००साठी वाय, त्यापुढे १ ते ९ हे अंक. अकरावे कारखान्याचे: टी म्हणजे तोचिगी, एस म्हणजे सुझुका. सुरुवातीला ही गाडी तोचिगी प्रांतातल्या ताकानेझावा कारखान्यात होंडाच्याच एनएसएक्स या स्पोर्ट्स कारच्या जोडीने बनायची, २००४मध्ये काम सुझुकाला हलले. नववे स्थान मात्र गाडीबद्दल काहीच सांगत नाही. ते चूक पकडण्यासाठी आहे. अक्षरांना ठरलेले अंक देतात, प्रत्येक स्थानाला ठरलेल्या वजनाने गुणतात, बेरजेला ११ने भागतात आणि उरलेली बाकी नवव्या स्थानी लिहितात. बाकी १० आली तर एक्स. एक अंक कुणी चुकीचा उतरवला किंवा मुद्दाम बदलला तर हिशेब जुळत नाही.

इथपर्यंतचे सगळे अमेरिकेसाठी. इतर देशांत गाडीचा चेहरा आणि इंजिन एकाच वेळी बदलले नाहीत, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. जपानमध्ये २००४च्या नव्या बंपरांच्या, १७ इंची चाकांच्या गाड्या जुन्याच ९,००० फेऱ्यांच्या इंजिनासह विकल्या गेल्या. त्यांच्यावरचा नंबर सतरा स्थानांचा नसतो, तो थेट एपी१ने सुरू होतो. तिथे मोठे इंजिन आणि एपी२ हा क्रमांक २००५च्या नोव्हेंबरमध्ये आला, २४२ पीएसचा. युरोपात तर एफ२०सी २००९मध्ये उत्पादन थांबेपर्यंत चालू राहिले. त्यामुळे ब्रिटनमधली २००७ची एस२००० दिसायला एपी२ असली तरी इंजिनाने एपी१च आहे, आणि केवळ छायाचित्र पाहून तिला एपी२ म्हणणारे विक्रेते चुकतात.

अमेरिकेत २००६मध्ये आणखी एक पायरी आली. ॲक्सिलरेटरची केबल जाऊन इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला आणि घसरण आवरणारी व्हीएसए यंत्रणा मिळाली. बॉनेटखाली थ्रॉटलला केबल जोडलेली दिसली तर गाडी त्याआधीची. त्याच वर्षी छापील ताकद २४०वरून २३७वर उतरली. इंजिन तेच होते, अमेरिकेत ताकद मोजण्याची प्रमाण पद्धत बदलली होती.

विकत घेणाऱ्याने एपी१च्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून तपासावी. चुकून खालचा गिअर पडला की चाकेच इंजिनाला फिरवतात. अशा वेळी इंधन तोडणारा लिमिटर काही करू शकत नाही आणि फेरे लाल रेघेच्या कितीतरी पुढे जातात. तेव्हा व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणारी छोटी टोपी, रिटेनर, तडकू शकते. तडकलेल्या रिटेनरवरही गाडी काही काळ नीट चालते, मग व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. एपी२चे रिटेनर जास्त मजबूत आहेत आणि ते जुन्या इंजिनात बसतात, म्हणून जाणकार मालक ते बदलून घेतात. व्हॉल्व्ह कव्हर उघडून सोळाही रिटेनर उजेडात पाहायला जाणकार मेकॅनिकला फार वेळ लागत नाही.