पाण्याखालचं आणि चाच्यांचं फँटसी कॅम्पेन

ज्या फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन डाइसच्या मदतीने गोष्ट रचायच्या खेळात, बहुतेक सगळी गोष्ट समुद्रावर नाहीतर समुद्राच्या पोटात घडते त्याला समुद्री कॅम्पेन म्हणतात (कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट). त्याचे ढोबळ दोन प्रकार, एक चाच्यांचं म्हणजे जहाज, लूट, बंदरं, पाठलाग आणि दुसरं पाण्याखालचं म्हणजे बुडालेली शहरं, मत्स्यमानव, खोल दऱ्या. खेळताना दोन्ही एकमेकांत मिसळतातच, जहाज आज ना उद्या बुडणारच असतं. डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) लोक याला जरा बिचकून असतात, रूल फार लागतात म्हणून, पण कॅम्पेन फसतं ते बहुतेक वेळा रूलमुळे नाही, पाणी नुसतं पडद्यासारखं मागे टांगून ठेवल्यामुळे फसतं.

प्रकार तसा जुनाच आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारचा पहिला मोठा गेम आला १९७४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ब्लॅकमूर नावाच्या पुरवणीत पाण्याखालच्या मोहिमांचे नियम आले, सोबत साहुआगिनही आले, म्हणजे शार्कना हुकूम सोडणारे ते समुद्री राक्षस, जे आजही हमखास वापरले जातात. मग १९८१ ते १९८३ मध्ये सॉल्टमार्श या किनाऱ्यावरच्या गावाची तीन भागांची मालिका आली (पहिल्या भागातलं भुताचं घर खरं तर स्मगलरांचा अड्डा निघतो, एवढ्या वर्षांनी हा स्पॉइलर माफ असावा), आणि २०१९ मध्ये तीच जहाजांच्या नियमांसकट डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनसाठी परत निघाली. चाच्यांच्या बाजूला १९९९ चा सेव्हन्थ सी हा गेम आणि पाथफाइंडर या दुसऱ्या गेमचं २०१२ चं स्कल अँड शॅकल्स हे कॅम्पेन ही नावं लगेच निघतात. दुसऱ्यात कॅरेक्टर्सना सुरुवातीलाच जबरदस्तीने जहाजावर उचलून नेतात आणि कामाला जुंपतात, ही आयडिया मस्त आहे, कारण कॅप्टन व्हायच्या आधी प्लेयरला जहाज आतून कळतं.

आता पाण्याखाली गेल्यावर सगळ्यात आधी लोक श्वासाची काळजी करतात. पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या नियमात श्वास रोखता येतो एक अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (पात्राच्या दणकटपणाचा आकडा) इतकी मिनिटं, म्हणजे मॉडिफायर दोन असेल तर तीन मिनिटं, आणि एक राउंड, म्हणजे लढाईत सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांचा, म्हणजे झाले ३० राउंड! फाइट चार-पाच राउंडमध्ये उरकते त्यामुळे लढताना गुदमरून कोणी मरत नाही. श्वासाची खरी भीती वाटते ती शोधाशोध करताना, दार अडकलंय, बोगदा पुढे कुठे निघतो माहीत नाही, तेव्हा. आणि तीही फार टिकत नाही, पाचव्या लेव्हलला विझर्डला (जादूगाराला) वॉटर ब्रीदिंग हा मंत्र मिळतो, दहा जणांना २४ तास पाण्यात श्वास आणि रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून टाकला तर स्पेल स्लॉटही (दिवसाच्या मोजक्या मंत्रांतला एक) जात नाही. त्यामुळे बुडण्याची धास्ती हवी असेल तर ती सुरुवातीच्या लेव्हलमध्येच वापरून घ्यावी, नंतर शत्रूकडे डिस्पेल मॅजिक हा जादू उतरवणारा मंत्र देता येतो पण दर फाइटला तेच केलं तर प्लेयर वैतागतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

२०१४ चे हत्यारांचे नियम मात्र छान काम करतात. पोहण्याचा वेगळा स्पीड नसेल तर मोठी तलवार, कुऱ्हाड, गदा यांना डिसॲडव्हांटेज (दोन डाइस टाकून कमी आकडा धरायचा), पण खंजीर, शॉर्टस्वोर्ड म्हणजे आखूड तलवार, भाला, त्रिशूळ नीट चालतात, धनुष्य जवळजवळ निकामी पण क्रॉसबो चालतो. पूर्ण बुडालेल्या प्रत्येकाला आगीचा रेझिस्टन्स, म्हणजे आगीचं नुकसान निम्मं. मोठी कुऱ्हाड मिरवणारा बार्बेरियन अचानक कोणाकडे खंजीर आहे का विचारत फिरतो आणि तेव्हा पाणी खरंच जाणवतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे इथे जमीनच नाही. समजा बुडालेल्या जहाजाच्या तळघरात पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) शिरलीये, जहाज एका कुशीवर पडलंय म्हणून दार आता डोक्यावर आहे, दोन साहुआगिन वरच्या भोकातून येतात आणि एक खालच्या फुटक्या फळीतून, तर फायटर (टोळीतला लढवय्या) दारात उभा राहून वाट अडवूच शकत नाही, ते त्याच्या डोक्यावरून आणि पायाखालून निघून जातात. नकाशावर हे दाखवायला प्रत्येक मिनीशेजारी (पात्राच्या छोट्या पुतळ्याशेजारी) डाइस ठेवून उंची लिहितात, साधा उपाय आहे. वर्णनात खरं विज्ञान थोडं घातलं तरी पुरे, लाल रंग काही मीटरमध्येच विझतो म्हणून जखमेतलं रक्त खोलवर काळपट दिसतं, आवाज हवेच्या चौपट वेगाने येतो त्यामुळे नेमका कुठून आला ते कळत नाही. दर दहा मीटरला दाब एक वातावरण वाढतो हेही खरं, पण त्याचा हिशोब कोणी करू नये, मजा जाते.

चाच्यांच्या कॅम्पेनमध्ये अडचण वेगळी, जहाजांची लढाई बोअर होते. एक जण सुकाणू धरतो, बाकीचे बसून राहतात. साध्या शिडाच्या जहाजाला ३०० हिट पॉइंट (तेवढं नुकसान सोसायची ताकद) आणि एका फटक्यात १५ पेक्षा कमी डॅमेज असेल तर ओरखडासुद्धा नाही, त्यामुळे तोफांची मारामारी लांबतच जाते. तीन राउंडमध्ये जहाजं एकमेकांना भिडवून सगळ्यांना पलीकडच्या डेकवर उड्या मारू द्याव्यात हेच बरं. आणि १५० फुटांवरून शिडांवर फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकणारा विझर्ड जिथे आहे तिथे शत्रूही तसाच एखादा बाळगून असणार, हे डीएमने आधीच ठरवलेलं बरं.

कॅम्पेन खरं चालतं ते क्रूवर, म्हणजे जहाजावरच्या माणसांवर. खऱ्या चाच्यांकडे यासाठी आयता मसाला आहे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा चाचा, जो १७२२ मध्ये मारला गेला, त्याच्या जहाजावर लेखी करार होता, प्रत्येकाला मत, रात्री आठला दिवे बंद, कॅप्टन आणि क्वार्टरमास्टरला (कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी) लुटीचे दोन-दोन वाटे. त्या काळात कॅप्टनचा शब्द चालायचा पाठलागात आणि लढाईत, एरवी क्वार्टरमास्टरचं वजन मोठं आणि क्रूला वाटलं तर कॅप्टन बदलायचा. हे टेबलावर आणलं की एका प्लेयरची हुकूमशाही होत नाही, आणि २० खलाशांचे वाटे, रसद, डागडुजी यात सोनं संपत राहतं म्हणून पुढची लूट शोधावीच लागते.

पकडलेल्या जहाजावरच्या माणसांचं काय करायचं हे मात्र सेशन झिरोलाच (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीतच) बोलून घ्यावं, कारण एकाला गमतीदार चाचे हवे असतात आणि दुसरा कैद्यांची कत्तल करायला निघतो. काळा झेंडा मुळात लढाई टाळायलाच होता, समोरच्याने घाबरून शरण यावं म्हणून, त्यामुळे व्यापारी जहाजांनी न लढता शिडं उतरवली तर ते अगदी बरोबर आहे, मग पूर्ण सेशन इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळ्या ठरवणारा डाइस) न टाकता नुसत्या घासाघिशीत गेला तरी चालतं.